मैदान कुणाचं, मंडप कुणाचा

चर्चगेटहून सुटलेली लोकल मरीन लाइन्स सोडून चर्नी रोडकडे निघाली, की डाव्या हाताला समुद्राच्या अलीकडे मैदानं लागतात. प्रत्येक मैदानाच्या कडेला एक बुटकं, उतरत्या छपराचं पॅव्हिलियन आणि त्यावर पाटी. पारशी जिमखाना, इस्लाम जिमखाना, हिंदू जिमखाना. जवळच कॅथलिकांचाही आहे. खेळ तोच, वारा तोच, समोरचं पाणीही तेच. कुंपणं मात्र धर्मागणिक वेगळी. रोज लाखो लोक या पाट्यांवरून नजर फिरवत जातात आणि त्यात काही विचित्र आहे असं कुणाच्या मनात येत नाही. सव्वाशे वर्षांची सवय आहे ती.

ही रांग तिथे आली कशी, हे शोधायला मुंबईतल्या गोऱ्यांच्या क्लबांपर्यंत मागे जावं लागतं. तिथून पुढची हकिगत थोडक्यात अशी, की ज्याला आत घेतलं नाही त्याने दार फोडलं नाही. त्याने शेजारची जागा मागितली, स्वतःचा क्लब काढला आणि पहिल्याच दिवशी त्याच्या दाराशीही एक रखवालदार बसवला.

भायखळा क्लब १८३३चा. त्या काळी भायखळा म्हणजे शहराबाहेरचं मोकळं माळरान. घोड्यांच्या शर्यती तिथेच व्हायच्या आणि शर्यतींच्या शौकिनांना बसायला-उठायला जागा हवी म्हणून क्लब आला. शर्यती पुढे १८८३मध्ये महालक्ष्मीला गेल्या, तरी क्लबचा तोरा कमी झाला नाही. त्याच्या खानसाम्यांनी केलेलं भायखळा सूफ्ले नावाचं एक मद्य घातलेलं गोड पक्वान्न साहेबांच्या पाककृतींच्या वह्यांतून पार विलायतेत पोहोचलं. सॅम्युअल शेपर्ड या पत्रकाराने १८३३ ते १९१६ या काळातल्या या क्लबचा इतिहास लिहिला. पुढे हेच शेपर्ड ‘टाइम्स ऑफ इंडिया’चे संपादक झाले. संपादकाला क्लबचा इतिहास लिहावासा वाटतो, यावरून त्या शहरात क्लब म्हणजे काय चीज होती याचा अंदाज येतो.

घरदार सात समुद्रांपलीकडे ठेवून आलेल्या तरुण अधिकाऱ्याला आणि व्यापारी कंपनीतल्या साहेबाला क्लबमध्ये सगळं मिळे. राहायला खोली, जेवायला टेबल, बिलियर्ड्स, पत्ते, बोटीने आलेली महिना-महिना जुनी विलायती वर्तमानपत्रं. खिशात पैसे ठेवायची गरज नसे. चिठ्ठीवर सही करायची आणि महिनाअखेरीस हिशेब चुकता करायचा. पण खरी देवाणघेवाण व्हायची ती गप्पांची. कुणाची बढती, कुणाची बदली, कापसाचा भाव, कुठल्या फायलीवर काय शेरा पडणार, ही चर्चा कचेरीपेक्षा क्लबच्या व्हरांड्यात जास्त होई. म्हणून क्लबच्या बाहेर राहणं म्हणजे नुसतं खेळाला मुकणं नव्हतं. जिथे राज्य खऱ्या अर्थाने चालत होतं त्या बैठकीलाच मुकणं होतं ते.

आत जायची रीत अशी. एका सभासदाने नाव सुचवायचं, दुसऱ्याने अनुमोदन द्यायचं, मग नाव फळ्यावर लागायचं. ठरल्या दिवशी एक लाकडी पेटी ठेवली जाई आणि प्रत्येक मतदार तिच्यात हात घालून गोळी टाकी. पांढरी म्हणजे होकार, काळी म्हणजे नकार. काळ्या गोळ्या ठरावीक संख्येपेक्षा जास्त निघाल्या की माणूस बाद. कुणी टाकली हे कळायचं नाही, का टाकली हे विचारायचं नाही. ‘हिंदी माणसांना आणि कुत्र्यांना मज्जाव’ अशी पाटी अमक्या क्लबवर होती, तमक्या क्लबवर होती, अशा कथा गावोगाव ऐकायला मिळतात. खरं पाहता असल्या पाटीची कुणाला गरजच नव्हती. पेटीत ते काम न बोलता होत होतं.

रॉयल बॉम्बे यॉट क्लबची स्थापना १८४६ची. ‘रॉयल’ ही बिरुदावली त्याला १८७६मध्ये मिळाली आणि अपोलो बंदरावर, ऐन पाण्याच्या काठी, त्याची वास्तू उभी राहिली. त्याच्या आदल्याच वर्षी, १८७५मध्ये, एस्प्लनेड मैदानाच्या एका टोकाला बॉम्बे जिमखाना निघाला. गोऱ्यांचे निरनिराळे खेळ एका छपराखाली आणणारा हा क्लब होता. आतमध्ये हिंदी माणूस दिसे तो फक्त ट्रे घेऊन फिरताना, बाग शिंपताना किंवा टेनिसचे चेंडू गोळा करताना.

याच मैदानावर पारशी पोरं क्रिकेट खेळत. १८४८मध्ये त्यांनी ओरिएंटल क्रिकेट क्लब काढला होता आणि नंतर असे बरेच छोटे-मोठे क्लब निघाले. साहेब खेळतो तो खेळ आपणही खेळावा, एवढाच त्यांचा उत्साह. अडचण झाली पोलोची. जिमखान्यातले साहेब संध्याकाळी घोडे घेऊन मैदानात उतरत आणि घोड्यांच्या टापांनी सगळी जमीन उखडून जाई. दुसऱ्या दिवशी त्याच खड्ड्यांवर क्रिकेट खेळायचं, म्हणजे चेंडू कधी गुडघ्यावर येईल आणि कधी डोक्यावर, सांगता येत नसे. जिमखान्याची स्वतःची राखलेली हिरवळ शेजारीच होती, पण तिथे पारशांना पाय ठेवता येत नव्हता आणि घोडेही तिथे जात नव्हते.

मग १८८१च्या सुमारास अर्ज-विनंत्या सुरू झाल्या. शेकडो सह्यांचं निवेदन गव्हर्नरकडे गेलं. मूठभर लोकांच्या करमणुकीपायी शेकडो मुलांचा खेळ बुडतो, असं त्यांचं साधं म्हणणं. सरकारने आधी पोलो कुपरेजकडे हलवायचा हुकूम काढला. मग गोऱ्यांनी गळ घातली तसा तोच हुकूम फिरवला. हे सगळं प्रकरण शापुरजी सोराबजी यांनी १८९७मध्ये इंग्रजी पुस्तकात नोंदवून ठेवलं. क्रिकेटच्या पुस्तकाच्या नावातच ‘युरोपियन पोलो विरुद्ध देशी क्रिकेट’ असा सामना आहे. काँग्रेसची स्थापना १८८५ची. मैदानाचा हा लढा तिच्याही आधीचा. शिकलेल्या हिंदी माणसाने सरकारशी कायदेशीर भाषेत भांडायचे पहिले धडे कुठे गिरवले, याची यादी करायची तर त्यात या खड्डे पडलेल्या मैदानाला जागा द्यायला हवी.

सरकारने शेवटी नेहमीचा मार्ग काढला. भांडण मिटवायचं नाही, भांडणाऱ्याला दुसरीकडे जागा द्यायची. १८८५मध्ये स्थापन झालेल्या पारशी जिमखान्याला दोन वर्षांनी केनेडी सी फेसवर भराव घातलेली जमीन मिळाली. जमशेटजी जीजीभाई घराण्याचे बॅरोनेट आणि जमशेटजी टाटा ही मंडळी जिमखान्याच्या पाठीशी उभी होती. मरीन ड्राइव्हचा रस्ता तेव्हा नव्हता. पॅव्हिलियनच्या पायऱ्यांपुढे मैदान आणि मैदानापुढे समुद्र.

पारशांना दिली म्हटल्यावर इतरांनी का मागे राहावं? १८९०च्या दशकात मुसलमानांचा इस्लाम जिमखाना आला. गोवर्धनदास परमानंददास यांनी वडिलांच्या स्मरणार्थ १०,००० रुपयांची देणगी दिली आणि परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याचं १८९४च्या मे महिन्यात गव्हर्नर लॉर्ड हॅरिस यांच्या हस्ते उद्घाटन झालं. हे हॅरिससाहेब स्वतः इंग्लंडच्या क्रिकेट संघाचे माजी कर्णधार. देशी लोकांनी क्रिकेट खेळावं याचं त्यांना कौतुक होतं, पण आपापल्या कुंपणात खेळावं, हे त्यांच्या सोयीचं होतं. आणि आपल्याकडच्या पुढाऱ्यांनाही त्यात वावगं वाटलं नाही, हे मान्य केलंच पाहिजे. सगळा दोष हॅरिस यांच्या माथी मारून मोकळं होता येत नाही.

जिमखाने धर्मावर उभे राहिले तसे सामनेही. युरोपियन विरुद्ध पारशी हा प्रेसिडेन्सी सामना १८९२पासून. १९०७मध्ये हिंदू आले आणि स्पर्धा तिरंगी झाली, १९१२मध्ये मुसलमान आले आणि चौरंगी, १९३७मध्ये ‘इतर’ नावाचा पाचवा संघ आला आणि पंचरंगी. गिरगाव, भेंडीबाजार, दादर सगळीकडची माणसं रजा टाकून मैदानाकडे लोटत. डिसेंबर १९४०मध्ये गांधीजींनी धर्मावर आधारलेल्या या सामन्यांना नापसंती दर्शवली, तरी ते बंद पडायला १९४६ उजाडावं लागलं. ‘इतर’ हा संघ तर अजबच. ख्रिस्ती असलेला सांगलीचा विजय हजारे त्यातून खेळे. १९४३च्या अंतिम सामन्यात हिंदूंविरुद्ध संघाच्या ३८७ धावांपैकी ३०९ एकट्या हजाऱ्यांच्या होत्या. तरीही संघ हरला.

पण हिंदू जिमखान्यात ‘हिंदू’ म्हणून कोण बसे, हा प्रश्न पुण्याच्या एका मैदानसेवकाने सगळ्यांपुढे उभा केला.

पळवणकर बाळू. जात चांभार. आधी पुण्यातल्या एका पारशी क्रिकेट क्लबात महिना ३ रुपयांवर, मग गोऱ्यांच्या पूना जिमखान्यात ४ रुपयांवर नोकरी. खेळपट्टी झाडायची, रोलर ओढायचा, जाळं लावायचं. जे. जी. ग्रेग नावाचा साहेब सगळ्यांच्या आधी येऊन सरावाला उभा राही आणि बाळूंना गोलंदाजी करायला लावी. बाद केलंस तर दर वेळी आठ आणे, असा त्यांचा सौदा असल्याचं सांगतात. डावखुऱ्या हाताने संथ गोलंदाजी टाकणारे बाळू असे तयार झाले. साहेबाने त्यांना तासन्‌तास गोलंदाजी करू दिली, पण बॅट म्हणून कधी हातात दिली नाही. फलंदाजी हा मालकांचा मान.

पुण्याच्या हिंदू संघाला युरोपियनांना हरवायचं होतं आणि हरवायला बाळू हवे होते. तेव्हा त्यांना संघात घेतलं. मैदानात चेंडू सगळ्यांच्या हातांतून बाळूंकडे जाई, बाळूंच्या हातातून सगळ्यांकडे येई. त्याला विटाळ नव्हता. चहाच्या सुट्टीत मात्र बाकीचे पॅव्हिलियनमध्ये चिनी मातीच्या कपातून चहा घेत आणि बाळूंना बाहेर, मातीच्या भांड्यात चहा मिळे. जेवायला वेगळं पान. हात धुवायचं पाणी घालायलाही त्यांच्यासारखाच अस्पृश्य गडी. गोऱ्यांच्या क्लबाबाहेर उभे राहून अन्यायाच्या तक्रारी करणारी हीच मंडळी होती.

बाळू पुढे मुंबईत येऊन हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. १९०६मध्ये हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं त्यात त्यांच्या गोलंदाजीचा मोठा वाटा होता. १९११च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले. एवढं होऊनही हिंदूंचं कर्णधारपद त्यांना मिळालं नाही. १९२०मध्ये या अन्यायाविरुद्ध त्यांचे भाऊ विठ्ठल आणि शिवराम संघातून बाहेर पडले, वर्तमानपत्रांतून गदारोळ झाला, आणि मग तडजोड म्हणून बाळूंना उपकर्णधार केलं गेलं. अखेर १९२३मध्ये विठ्ठल पळवणकर हिंदूंचे कर्णधार झाले. ‘माझे क्रीडा-जीवन’ हे त्यांचं १९४८चं आत्मचरित्र या सगळ्याचा मराठीतला थेट पुरावा आहे. आपल्याकडे क्रिकेटवर ढीगभर लिहिलं जातं. हे पुस्तक किती घरांत सापडेल?

पुण्यातच, बाळू खेळत होते त्याच सुमारास, क्लबची एक वेगळी जात जन्माला आली. लष्करातल्या साहेबांचा क्लब होताच. बॅडमिंटनचे सुरुवातीचे नियम १८७०च्या दशकात इथल्याच इंग्रज अधिकाऱ्यांनी बसवले होते. साहेबांच्या क्लबला शहराने दिलेलं उत्तर म्हणजे १९०६मध्ये बंडोपंत भाजेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढलेला डेक्कन जिमखाना. नावात धर्म नाही, जात नाही, आणि हे त्या काळात लहानसहान नव्हतं. मुख्य म्हणजे टेनिस-क्रिकेटच्या जोडीला या लोकांनी देशी खेळ घेतले. खो-खोसारखा गल्लीत, देवळापुढे खेळला जाणारा खेळ, ज्याचे नियम दर गावी निराळे, त्याची नियमावली जिमखान्याने १९१४च्या सुमारास बसवली. बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्यानेही पुढे खो-खो आणि हुतूतूच्या बाबतीत असंच काम केलं. साहेबाच्या क्लबकडून घेण्यासारखी खरी गोष्ट कोणती, तर नियम लिहून ठेवणं आणि वेळेवर सामना सुरू करणं. ती या दोन जिमखान्यांनी बरोबर उचलली.

डेक्कन जिमखान्याचे अध्यक्ष दोराबजी टाटा. पहिल्या महायुद्धानंतर जिमखान्याच्या स्पर्धांना ते आले तेव्हा लांब पल्ल्याच्या शर्यतीत आजूबाजूच्या खेड्यांतली शेतकऱ्यांची पोरं अनवाणी धावत होती आणि त्यांच्या वेळा युरोपातल्या धावपटूंच्या आसपास होत्या. ही मुलं ऑलिंपिकला का जाऊ नयेत? गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांची मदत घेऊन वर्गणी उभी राहिली आणि १९२०च्या अँटवर्प ऑलिंपिकला सहा जणांचा संघ गेला. बेळगावकडचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले. भारताच्या ऑलिंपिक प्रवासाचा आरंभ राजवाड्यात झाला नाही, कुठल्या सरकारी खात्यातही झाला नाही. नदीपलीकडच्या एका जिमखान्याच्या मैदानावर झाला. आता पुण्यात ‘डेक्कन’ म्हटलं की माणसाला बसथांबा आठवतो.

मुंबईत मिश्र क्लबचे प्रयत्न तुरळक होते. फिरोजशहा मेहता, जमशेटजी टाटा, दिनशा पेटिट यांनी १८८४मध्ये काढलेला रिपन क्लब पारशांचाच राहिला. बुधवारचं धनसाक आणि नंतर लांब हातांच्या आरामखुर्चीत डुलकी, यासाठी फोर्टातल्या वकिलांत तो अजून प्रसिद्ध आहे. गोरे-काळे एकत्र यावेत म्हणून १९००मध्ये ओरिएंट क्लब निघाला. पण गाजला तो १९१७चा विलिंग्डन स्पोर्ट्‌स क्लब. गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांनी एका संस्थानिकाला गोऱ्यांच्या क्लबमध्ये जेवायला बोलावलं आणि दारातच त्याला अडवलं गेलं, म्हणून चिडून त्यांनी हा क्लब काढला, अशी कथा मुंबईत हमखास सांगतात. कथा खरी असो वा रचलेली, क्लब पहिल्यापासून दोघांना खुला होता आणि त्याचं गोल्फचं मैदान ताडदेवच्या अंगाला आजही शाबूत आहे. मात्र ‘खुला’ म्हणजे कुणाला? संस्थानिकांना, गिरणीमालकांना, नामांकित बॅरिस्टरांना. रंगाच्या जागी ऐपत आली, एवढाच फरक.

याच क्लबच्या स्वयंपाकघरातून १९६०च्या दशकात एक पदार्थ बाहेर पडला. केजरीवाल नावाचे सभासद शाकाहारी घरातले. घरी अंडं चालत नसे, म्हणून ते क्लबात येऊन टोस्टवर चीज, हिरवी मिरची आणि वर तळलेलं अंडं घालून खात. शेजारच्या टेबलांवरून मागणी वाढत गेली आणि ‘एग्ज केजरीवाल’ मेन्यूत चढलं. घरच्यांच्या नजरेआड खाता येतं, हाही क्लबचा एक जुना उपयोग आहे. राज्यात दारूबंदी कडक होती तेव्हा तर परवाना असलेल्या सभासदांना त्याची किंमत चांगलीच कळली असेल.

त्याच विलिंग्डन क्लबने १९८८मध्ये चित्रकार मकबूल फिदा हुसेन यांना परत पाठवलं. कारण हुसेन अनवाणी होते आणि नियमात पादत्राणं होती. चेन्नईत २०१४मध्ये एका क्लबने वेष्टी, म्हणजे तमिळ धोतर, नेसून आलेल्या न्यायाधीशांना अडवलं, तर तमिळनाडू विधानसभेने त्याच वर्षी कायदा करून पारंपरिक पोशाखावरची अशी बंदीच बेकायदा ठरवली. महाराष्ट्रात धोतर-टोपीवरून असा कायदा करावा असं कुणाला सुचलेलं नाही.

आता बॉम्बे जिमखान्याकडे परत. १५ डिसेंबर १९३३ला भारतातला पहिला अधिकृत कसोटी सामना इथे सुरू झाला. सी. के. नायडू कर्णधार, समोर इंग्लंडचा डग्लस जार्डिन. नायडूंनी सात वर्षांपूर्वी याच मैदानावर हिंदूंकडून खेळताना एमसीसीविरुद्ध ११ षटकारांसह १५३ धावा तडकावल्या होत्या, त्यामुळे गर्दीला त्यांचं वेड. प्रत्यक्षात इतिहास घडवला लाला अमरनाथ यांनी, पहिल्याच कसोटीत ११८ धावा काढून. लोक मैदानात घुसले, बायकांनी अंगावरचे दागिने काढून दिले, असं सांगतात. सामना मात्र इंग्लंडने नऊ गडी राखून जिंकला. ज्या क्लबच्या मैदानावर हे चाललं होतं, त्याचं सभासदत्व मैदानातल्या कुठल्याही हिंदी खेळाडूला मिळण्यासारखं नव्हतं.

त्याच वर्षी क्रिकेट क्लब ऑफ इंडिया निघाला. स्वतःचं स्टेडियम हवं म्हणून क्लबचे अँथनी डिमेलो गव्हर्नर ब्रेबॉर्न यांच्याकडे जागा मागायला गेले. सरकारला पैसा हवा की साहेबांना अजरामर नाव, असा पेच त्यांनी टाकल्याची आठवण प्रसिद्ध आहे. साहेबांनी नाव निवडलं. भराव घालून मिळवलेल्या जमिनीवर ब्रेबॉर्न स्टेडियम ७ डिसेंबर १९३७ला उघडलं. आणि उघडल्या-उघडल्या भांडण झालं ते खुर्च्यांवरून. आपल्या सभासदांना पुरेशा जागा मिळत नाहीत म्हणून हिंदू जिमखान्याने पहिल्या पंचरंगीतून अंगच काढून घेतलं.

खुर्च्यांचं हे भांडण पिढ्या बदलल्या तरी संपलं नाही. स्टेडियम क्लबचं, सामने भरवायची जबाबदारी मुंबई क्रिकेट संघटनेची, आणि तिकिटं किती कुणाला यावर दर मोसमात बाचाबाची. १९७०च्या दशकात संघटनेचे अध्यक्ष होते शेषराव वानखेडे, विधानसभेचे अध्यक्ष. ते हट्टाला पेटले. वास्तुविशारद शशी प्रभू यांच्याकडून आराखडा करवून घेऊन मरीन लाइन्सच्या रुळांलगत नवं स्टेडियम उभं केलं आणि जानेवारी १९७५मध्ये वेस्ट इंडीजविरुद्धची कसोटी तिथे झाली. दोन स्टेडियममध्ये चालत दहा मिनिटांचंही अंतर नाही. पारशांनी १८८५मध्ये जे केलं तेच वानखेड्यांनी नव्वद वर्षांनी केलं. आत जागा मिळेना, तर शेजारी दुसरं बांधलं.

धोबीतलावाला वळलं, की क्लबचा एक निराळाच अवतार भेटतो. गोव्यातून बोटींवर, हॉटेलांत, बँडमध्ये नोकरीला येणाऱ्या कॅथलिकांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून इथे आणि माझगावला आपापल्या गावाचे ‘क्लब’ काढले. कोंकणीत त्यांना कूड म्हणतात. एक मोठी खोली, भिंतीला लागून पत्र्याच्या ट्रंकांची रांग, रात्री जमिनीवर चटया. एका टोकाला गावच्या संताची वेदी आणि संध्याकाळी तिच्यापुढे रोजारीची प्रार्थना सक्तीची. माणूस वर्षभर बोटीवर असला तरी ट्रंक खोलीतच राहते आणि ट्रंक आहे तोवर त्याची जागा आहे. सभासद व्हायची अट एकच, गाव तेच हवं. कोकणातल्या आणि घाटावरच्या गिरणी कामगारांच्या ‘गावच्या खोल्या’ आणि ग्रामस्थ मंडळं यांचंच दुसरं रूप. जेर महल इमारतीतल्या कुडी अजून नांदत आहेत. ज्यांच्या वाजंत्रीवर बॉम्बे जिमखान्यात नाच रंगले आणि ज्यांनी तिथलं जेवण रांधलं, त्यांच्यातले पुष्कळ रात्री इथे चटईवर येऊन झोपत. आणि गोऱ्यांच्या क्लबाइतकीच इथली नियमावलीही करडी. परगावच्याला, अगदी शेजारच्या वाड्यातल्यालाही, मज्जाव.

स्वातंत्र्यानंतर गोरे गेले, क्लब राहिले. यॉट क्लबने अपोलो बंदरावरची जुनी वास्तू सोडली आणि १९४९मध्ये तिथे होमी भाभांची टाटा मूलभूत संशोधन संस्था आली. साहेबांच्या नाचाच्या दालनांत अणुविज्ञानाचं काम चाललं. एखाद्या क्लबचा यापेक्षा चांगला पुनर्जन्म दाखवणं कठीण. बाकीच्यांनी फक्त सभासद बदलले. धर्माच्या नावाचे जिमखाने आता लग्नसमारंभांना हिरवळी भाड्याने देतात आणि नवरा-नवरीचा धर्म विचारत नाहीत. प्रवेशाच्या रांगा मात्र वर्षानुवर्षांच्या झाल्या आणि रक्कम अशी, की भायखळा क्लबच्या काळ्या गोळ्यांची आठवण येऊ नये.

कायद्याने क्लबकडे कसं पाहावं हेही अजून ठरत नाही. सभासदाने क्लबमध्ये चहा घेतला तर तो विकत घेतला की स्वतःचाच घेतला? क्लब म्हणजे सभासदच, तेव्हा माणूस स्वतःला काही विकू शकत नाही, असं म्हणत सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१९मध्ये कलकत्ता क्लबच्या खटल्यात कर मागणाऱ्यांना परत पाठवलं. सरकारने २०२१च्या वित्त कायद्यात वस्तू आणि सेवा कराचं कलमच बदलून, तेही २०१७पासून लागू करून, क्लब वेगळा आणि सभासद वेगळा असं ठरवलं.

जमिनीचा प्रश्न त्याहून मोठा. यातल्या बहुतेक क्लबांच्या पायाखालची जमीन सरकारची किंवा महापालिकेची, भाडेपट्ट्याने दिलेली. महालक्ष्मीच्या रेसकोर्सचा पट्टा २०१३मध्ये संपला आणि अकरा वर्षांच्या ओढाताणीनंतर, २०२४मध्ये, सुमारे २११ एकरांपैकी १२० एकर सार्वजनिक उद्यानासाठी महापालिकेकडे आले. ९१ एकर शर्यतवाल्यांकडे राहिले. असा सौदा समुद्रकाठच्या जिमखान्यांशी करा, असं इथे म्हणायचं नाही. त्या मैदानांवर कांगा लीगचं पावसाळी क्रिकेट आजही चालतं आणि ती मैदानं राहिली याचं श्रेय जिमखान्यांनाच आहे.

मागणं वेगळं आहे. मुंबई-पुण्यातल्या प्रत्येक जुन्या क्लबकडे सभांची इतिवृत्तं, सभासदांच्या यादीची पुस्तकं आणि निवड समितीच्या नोंदी असणार. आपल्या शहरांचा सामाजिक इतिहास जेवढा मोर्चे आणि अधिवेशनांत आहे, तेवढाच या वह्यांत आहे. बाळूंचा चहा बाहेर कुणी ठेवायला लावला, पहिल्या हिंदी सभासदाच्या नावाला अनुमोदन कुणी दिलं, बायकांना स्वतंत्र मतदार म्हणून केव्हा घेतलं, हे त्यांतच कळेल. शंभर वर्षांपूर्वीच्या वह्या वाळवीच्या आधी अभ्यासकांना दाखवायला क्लबांनी हरकत घेऊ नये. सभासदत्व मागायला नाही येत आहे कुणी.